चैत्रातली बाग : आधी माती, मग फुले

फाल्गुन सरत येतो, पिंपळाला तांबूस पालवी फुटते, कडुनिंब मोहोरतो आणि रोपवाटिकांच्या फाटकाबाहेर फुललेल्या कुंड्यांची रांग लागते. निगडी-प्राधिकरणातील बंगल्यांपासून वाकड, रावेत, मोशी येथील सदनिकांच्या गच्च्यांपर्यंत याच दिवसांत बागेची हौस उफाळून येते. चार फुललेली रोपे, दोन पोती लाल माती आणि एखादी शोभेची कुंडी अशी खरेदी होते. आणि वैशाख लागता लागता त्यातली बरीच रोपे माना टाकतात. दोष बहुधा रोपांचा नसतो, लावणाऱ्या हाताचाही नसतो. तो मातीचा असतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणसारख्या उद्योगपट्ट्यात तर ही माती आली कोठून, हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. कारण त्याच मातीतला पुदिना, मेथी आणि लाल माठ आपल्या ताटात येत असतो.

आपला वसंत वेगळा

बागकामाची परदेशी पुस्तके वसंताचे वर्णन लागवडीचा हंगाम असे करतात. तिकडे बर्फ वितळल्यावर जमीन जागी होते. आपल्याकडे चैत्र-वैशाख हा वसंत असला, तरी तो उन्हाळ्याच्या तोंडावरचा वसंत आहे. पुणे परिसरात एप्रिलमध्ये दुपारचे सरासरी कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास असते आणि हवा अतिशय कोरडी असते. त्यात पाण्याची ओढ. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २५ नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला आणि बागेच्या पाण्याचा हिशेब तेव्हापासून घरोघरी नव्याने मांडावा लागला.

म्हणून आपल्याकडे वसंतातील बागेची सुधारणा म्हणजे भरमसाट नवी लागवड नव्हे. माती घडवणे, ती झाकणे, उन्हाला टिकतील अशी मोजकी रोपे निवडणे आणि पावसाळ्यातील लागवडीची पूर्वतयारी करणे, हा या दिवसांतील खरा कार्यक्रम होय.

अंगणाखाली काय दडले आहे?

या परिसराची मूळ जमीन काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसॉल्टमधून झिजून तयार झालेली आहे. उंचवट्यावर मुरूम आणि सखल भागात, पवना व इंद्रायणीच्या काठाने, काळी चिकण माती असा तिचा साधारण विभाग. ज्वारी-बाजरीची ही शिवारे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने बदलली. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढील दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. त्यानंतर उद्योगांची वाट चाकणकडे वळली.

या प्रवासात वरची सुपीक माती अनेक ठिकाणी खरवडली गेली आणि तिच्या जागी भर पडली. घराच्या अंगणात एक-दीड फूट खणले, तर विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, वाळूचा चाळ आणि मुरूम हाती लागतो तो यामुळेच. सिमेंट आणि चुनखडीमुळे अशी माती अल्कधर्मी होते. मोगरा, जास्वंद, गुलाब, अनंत, लिंबू यांची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, हे त्याचे ठळक लक्षण. मातीत लोह असते, परंतु चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही.

घरच्या घरी मातीची परीक्षा

काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घ्यावी, पाण्याने भरून जोराने हलवावी आणि दिवसभर स्थिर ठेवावी. तळाशी प्रथम वाळू, मग गाळ आणि सर्वांत वर चिकण माती बसते. वाळूचा थर फार जाड असेल तर पाणी ठरणार नाही; चिकणमातीचा थर निम्म्याहून अधिक असेल तर पाणी मुरणार नाही. चिमूटभर कोरड्या मातीवर लिंबाचा रस पिळावा. फसफसून बुडबुडे आले तर चुनखडी भरपूर आहे असे समजावे.

अंगण मोठे असेल तर मातीचा नमुना कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यावा. पाच-सहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन त्याच्या बाजूची माती खरवडावी, एकत्र करून सावलीत वाळवावी आणि त्यातील अर्धा किलो द्यावी. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुख्य अन्नद्रव्ये यांची माहिती त्यातून मिळते. मात्र नेहमीच्या या चाचणीत शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू तपासले जात नाहीत. जागेवर पूर्वी कारखाना, भंगारसाठा किंवा गॅरेज असल्याची शंका असेल, तर ती तपासणी खासगी प्रयोगशाळेकडे स्वतंत्रपणे मागावी लागते.

माती घडवावी कशी?

रोपवाटिकेत मिळणारी ‘लाल माती’ पुष्कळदा बारीक मुरूमच असतो. नुसती कुंडीत भरली तर दोन-तीन महिन्यांत ती विटेसारखी घट्ट होते. दोन भाग माती, दोन भाग चांगले कुजलेले कंपोस्ट आणि एक भाग नारळाचा भुसा किंवा भाताचे तूस हे मिश्रण कुंड्यांसाठी उपयुक्त ठरते. त्यात प्रत्येक कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. जुन्या कुंड्यांतील माती फेकून देण्याचे कारण नाही. ती मोकळी करून, मुळांचे जाळे काढून, चार-पाच दिवस उन्हात तापवावी आणि निम्मे कंपोस्ट मिसळून पुन्हा वापरावी.

कंपोस्टचा कच्चा माल या दिवसांत दारात पडलेला असतो. शिशिरातील पानगळीचा पाचोळा म्हणजे बागेचे वर्षभराचे भांडवल. तो जाळणे हा तोटा तर आहेच, शिवाय घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी कचरा जाळण्यास मनाईही केली. भोके पाडलेल्या बादलीत तळाशी पाचोळा, त्यावर स्वयंपाकघरातील ओला कचरा, त्यावर दुप्पट पाचोळा असे थर द्यावेत आणि मूठभर जुने कंपोस्ट विरजणासारखे घालावे. दुर्गंधी आली तर ओलावा जास्त झाला, म्हणून पाचोळा वाढवावा. थर तसाच कोरडा पडून राहिला तर पाणी शिंपडावे. पिळल्यावर दोन-चार थेंबच पडावेत, इतका ओलावा योग्य. साधारण दोन ते तीन महिन्यांत काळेभोर, मातीच्या वासाचे खत तयार होते.

सेंद्रिय खत नियमित दिल्याने चुनखडीचा त्रासही हळूहळू कमी होतो. तातडीचा उपाय म्हणून एक लिटर पाण्यात दोन ते तीन ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे. मात्र भर उन्हात फवारल्यास पाने करपतात.

गच्चीवर माती चढवताना वजनाचा विचार आधी करावा. ओल्या मातीचा एक फूट जाडीचा वाफा दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरतो. घरगुती गच्ची मात्र सर्वसाधारणपणे चौरस मीटरला १५० ते २०० किलो भार धरून बांधलेली असते. म्हणून वाफे उथळ ठेवावेत, मातीपेक्षा पाचोळा व कंपोस्टचे प्रमाण वाढवावे, जड कुंड्या तुळई व खांबांच्या रेषेत मांडाव्यात आणि मोठ्या वाफ्यांपूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

उद्योगनगरीतील पथ्ये

स्वस्तात मिळणारी ‘भरावाची माती’ घेताना ती कोठून उपसली हे विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर ती घेऊ नये. ओतकाम कारखान्यांतून बाहेर पडलेली काळी वाळू, धातूचा कीस, तेलकट माती किंवा मुलामा देणाऱ्या कारखान्यांचा गाळ मिसळलेली भर बागेत येता कामा नये. काळा रंग म्हणजे सुपीकता, हा गैरसमज येथे महागात पडतो.

दुसरे पथ्य पिंपांचे. प्लास्टिकची २०० लिटरची निळी पिंपे उभी कापून त्यांत भाजी लावण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि भंगाराच्या बाजारात ती सहज मिळत आली आहेत. चिखली-कुदळवाडीतील भंगार गोदामांवर महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठी कारवाई केली, तरी वापरलेल्या पिंपांचा व्यवहार काही एकाच ठिकाणचा नाही. पिंपात पूर्वी आम्ल, रंग, द्रावक की खाद्यपदार्थ होता, हे त्याच्या लेबलावरून कळत नसेल, तर ते भाजीसाठी वापरू नये. कितीही धुतले तरी प्लास्टिकमध्ये मुरलेले रसायन पूर्ण जात नाही.

शंकास्पद जागेत पालेभाज्या आणि मुळा-गाजरासारख्या कंदभाज्या लावणे टाळावे, कारण जड धातू पानांत आणि मुळांत तुलनेने अधिक साठतात. त्या मानाने भेंडी, चवळी, दोडका यांच्या फळांत ते कमी उतरतात. उत्तम मार्ग म्हणजे अशा जागी फुलझाडे लावून भाजीसाठी खात्रीच्या मातीचे वेगळे वाफे करणे. रहदारीच्या रस्त्याकडेला बाग असेल, तर धूळ अडवण्यासाठी मेंदी किंवा कामिनीचे दाट कुंपण करावे आणि भाजी वाहत्या पाण्यात नीट धुवावी.

दिवसाआड पाण्यात बाग कशी तगवावी?

उघडी माती म्हणजे उघडे भांडे. कुंडीत आणि वाफ्यात पाचोळा, उसाचे चिपाड किंवा नारळाच्या शेंड्या यांचा पाच ते सात सेंटिमीटरचा थर अंथरला, तर बाष्पीभवन लक्षणीय घटते आणि मुळे थंड राहतात. खोडालगत मात्र दोन बोटे जागा मोकळी सोडावी.

वाफ्यात बिनझिलईचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि वर झाकणी ठेवावी. पाणी झिरपत मुळांपाशी पोचते आणि दोन-तीन दिवस पुरते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथात वर्णिलेली ही युक्ती दिवसाआड पाण्याच्या शहराला नेमकी लागू पडते. पाणी सकाळी लवकर द्यावे. रोज थोडे शिंपण्यापेक्षा मुळांपर्यंत जाईल असे एकदाच देणे हितकारक.

तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना चालते. जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र रोज घालू नये. त्यात क्षार एकवटलेले असतात आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पातील प्रक्रिया केलेले पाणी हिरवळीला आणि मोठ्या झाडांना द्यावे. भाजीला, विशेषतः कच्च्या खाण्याच्या भाजीला, नको.

कोणती रोपे निवडावीत?

मार्चमध्ये रोपवाटिकेत बहरलेले पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस पाहून मोहात पडू नये. ही थंडीची मोसमी फुले आहेत; एप्रिलच्या उन्हात त्यांचे आयुष्य संपते. त्याऐवजी सदाफुली, झिनिया, चिनी गुलाब, गॅलार्डिया आणि अडेनियम लावावे. ही ऊन मागणारी रोपे आहेत. बोगनवेल पाण्याची थोडी ओढ बसली की अधिक फुलते, म्हणून तिला फार पाणी पाजू नये.

या ऋतूचा मानकरी मोगरा. माघात किंवा फाल्गुनाच्या आरंभी त्याची छाटणी करून, काही दिवस पाणी तोडून, नंतर कंपोस्ट व भरपूर पाणी दिले की नव्या फुटीवर कळ्यांचे घोस येतात. छाटणी राहून गेली असेल, तर आता केवळ शेंडे खुडावेत. भाज्यांमध्ये भेंडी, गवार, चवळी, दोडका आणि लाल माठ यांची पेरणी चैत्राच्या आरंभापर्यंत करता येते. टोमॅटो मात्र ३५ अंशांपुढे फळ धरण्यास कुचराई करतो.

कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी आणि शेंड्यांवर पिठ्या ढेकूण दिसू लागतात. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारावा. न भागल्यास पाच टक्के निंबोळी अर्क आठवड्याच्या अंतराने फवारावा.

सजावट : शोभा आणि सोय

सजावटही ऋतूला धरून असावी. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या आणि धातूचे डबे दुपारी तापून मुळे भाजतात. मातीच्या कुंड्या पाणी थोडे अधिक पितात, पण मुळांना गारवा देतात. कुंड्या सुट्या न ठेवता उंच झाडे मागे, बुटकी पुढे अशा दाट समूहात मांडल्या, तर त्यांच्यात ओलावा टिकतो आणि डोळ्यांनाही भरगच्चपणा वाटतो. जुने जाते, उखळ, पाटा यांना तुळशी वृंदावनाजवळ शोभिवंत जागा मिळते. पश्चिमेच्या गच्चीवर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी मेअखेरपर्यंत बांधावी.

कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या लाकडी पॅलेटपासून मांडण्या आणि उभे वाफे सुरेख होतात. निर्यातीच्या पॅलेटवर ओंबीच्या चिन्हासह शिक्का असतो. त्यावर ‘एचटी’ असेल तर लाकडावर उष्णतेची प्रक्रिया झालेली आहे. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची. दुसऱ्या प्रकारचे, तसेच तेलाचे डाग असलेले लाकूड बागेत आणू नये. पक्ष्यांसाठी पसरट मातीचे भांडे जरूर ठेवावे, पण त्यातील आणि कुंड्यांखालच्या बशांतील पाणी दर तीन-चार दिवसांनी पालटावे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो.

कामांचे वेळापत्रक

मार्च : पाचोळा साठवणे, मातीची परीक्षा, जुन्या कुंड्यांची माती तापवून नवे मिश्रण भरणे, उन्हाळी भाज्यांची पेरणी.

एप्रिल : आच्छादन, मडकी पुरणे, जाळी बांधणे, मोगऱ्याच्या पहिल्या बहरानंतर पुन्हा मूठभर खत.

मे : नवी लागवड बंद. मोठ्या झाडांसाठी दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे खणून तापू देणे. तयार कंपोस्ट चाळून ठेवणे.

जून : एक-दोन दमदार सरी झाल्यावर खड्डे माती व कंपोस्टने भरून लागवड.

रोपे रोपवाटिकेत कधीही मिळतात. माती मात्र एका दिवसात मिळत नाही. यंदाच्या पाचोळ्याचे पहिले खत आषाढापर्यंत हाती येईल. ज्याने चैत्रात ही तयारी केली, त्याला पुढच्या फाल्गुनात लाल मातीची पोती विकत आणावी लागणार नाहीत.