कर्तृत्व आणि लोकप्रियता

लोकप्रियता हें कर्तृत्वाचें माप होय, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास तपासूं लागलें म्हणजे हें माप किती लहरी आहे तें ध्यानांत येतें. जपानी फुटबॉलमधील दोन धंदेवाईक खेळाडूंचा वृत्तांत आम्ही या दृष्टीनें वाचकांपुढें ठेवीत आहों.

यासुहिको ओकुदेरा याचा जन्म १९५२ सालचा. फुरुकावा इलेक्ट्रिक या कंपनीच्या संघांत तो खेळत असे. त्या काळीं जपानांत धंदेवाईक खेळांत बेसबॉलचें राज्य होतें. फुटबॉल खेळणारे हे कंपन्यांचे नोकर असत. १९७७ सालीं जपानचा संघ सरावासाठीं जर्मनींत गेला असतां कोलोन संघाचा विख्यात शिक्षक हेनेस वाइसवायलर याची नजर ओकुदेरावर पडली. त्या पहिल्याच हंगामांत कोलोननें जर्मनीचें अजिंक्यपद व चषक हीं दोन्ही मिळविलीं. १९७९ च्या एप्रिलांत युरोपीय चषकाच्या उपांत्य फेरींत, नॉटिंगहॅम येथें, बदली खेळाडू म्हणून उतरून त्यानें केलेल्या गोलानें सामना ३-३ असा बरोबरींत राहिला. पुढें १९८६ पर्यंत जर्मनींतच राहून त्यानें तेथील सर्वश्रेष्ठ साखळींत २३४ सामने खेळले.

काझुयोशी मिउरा हा १९६७ सालीं जन्मला. पंधराव्या वर्षीं तो एकटा ब्राझीलला गेला, तेथें धंदेवाईक झाला आणि १९९० सालीं परतला. १९९३ च्या मे महिन्यांत जे-लीग ही धंदेवाईक साखळी सुरू झाली व पहिल्याच वर्षीं सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला लाभला. १९९४ सालीं तो इटलींतील जेनोआ संघांत गेला. तेथें एका हंगामांत त्याच्या नांवावर एकच गोल लागला. युरोपांतील कामगिरी तोलली तर ओकुदेराचें पारडें निःसंशय जड आहे. तथापि ‘राजा काझु’ म्हणून जपाननें डोक्यावर घेतलें तें मिउराला. १९९८ सालीं जपान प्रथमच विश्वचषकांत उतरलें, तेव्हां ऐन वेळीं त्याला संघांतून वगळलें. तरी लोकांचें प्रेम आटलें नाहीं.

असें कां व्हावें? ओकुदेराचे पराक्रम हजारों मैलांवर घडले. परदेशीं असतां तो राष्ट्रीय संघांतूनही दूर राहिला. मिउरा खेळला तो स्वदेशीयांच्या डोळ्यांदेखत, आणि तोही देश या खेळासाठीं आतुर झालेला असतां. वयाची पंचावन्न वर्षें उलटल्यावरही मैदान न सोडणाऱ्या त्याच्या निष्ठेला आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु १९८६ सालीं ओकुदेरा परतला त्याच वर्षीं जपानी संघटनेनें धंदेवाईक खेळाडूंना अधिकृत मान्यता दिली, आणि ती प्रथम मिळालेल्या दोघांत तो एक होता. ज्या वाटेवर पुढें मिउराची मिरवणूक निघाली, ती अशी आधीं मोकळी झाली होती. मिरवणूक लोकांच्या स्मरणांत राहते. वाट कोणी केली हें सांगण्याचें काम इतिहासकारानें टाळूं नये.