दफ्तरातील गुप्तता आणि बोलके यंत्र

इ. स. १८४४ मध्ये वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला विजेच्या तारेने संदेश गेला, आणि व्यापाराच्या इतिहासात एक नवीच अडचण उभी राहिली. टपालाचे पत्र लखोट्यात बंद असते. मोहोर फोडल्यावाचून ते वाचता येत नाही. तारेचे तसे नव्हते. पाठविणाऱ्याने आपला मजकूर तारमास्तरच्या हाती उघडा द्यावयाचा, त्याने तो अक्षर अक्षर वाचून पुढे धाडावयाचा, आणि पलीकडच्या तारमास्तरने तो पुन्हा कागदावर उतरावयाचा. भावाची, मालाची आणि देण्याघेण्याची जी गोष्ट पूर्वी दोघांत राहत असे, ती आता चौघांच्या कानी पडू लागली.

यावर दोन दिशांनी उपाय निघाले. मोर्सचे भागीदार फ्रान्सिस स्मिथ यांनी १८४५ मध्येच तारेसाठी सांकेतिक शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. पुढे असे अनेक कोश निघाले आणि पैशाची बचत व मजकुराची झाकण ही दोन्ही कामे ते करू लागले. दुसरा उपाय कायद्याचा. हिंदुस्थानात १८८५ च्या तार कायद्याने, तारेतील मजकूर बाहेर फोडणारा तारखात्याचा नोकर शिक्षेस पात्र ठरविला. एकीकडे पाठविणाऱ्याची सावधगिरी आणि दुसरीकडे वाहकावरील बंधन, अशा दोन कुंपणांच्या आत तारेचा व्यवहार विश्वासाने चालू लागला.

तारमास्तर मात्र संदेश पोहोचवून मोकळा होत असे. तो स्मरणात ठेवण्याचे त्याला प्रयोजन नव्हते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या अमेरिकन कंपनीने ‘चॅटजीपीटी’ हे संभाषण करणारे यंत्र सर्वांसाठी खुले केले, तेव्हा उद्भवलेला प्रश्न नेमका या भेदातून निर्माण झाला. या जातीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला ‘जनरेटिव्ह’ म्हणतात, कारण ती विचारलेल्या प्रश्नावर नवा मजकूर रचून देते. लिपिकाला पत्राचा मसुदा हवा असो, हिशेबनिसाला ताळेबंदाचा सारांश हवा असो, की अभियंत्याला संगणकाच्या आज्ञावलीतील दोष शोधावयाचा असो, उत्तर काही क्षणांत पुढे येते. परंतु त्यासाठी आधी आपला कागद त्या यंत्रापुढे उघडा करावा लागतो. तो कचेरीच्या भिंतीबाहेर, परक्या कंपनीच्या संगणकावर जातो. तेथे साठविला जातो. आणि सर्वसामान्यांसाठी असलेल्या सेवेत, वापरणाऱ्याने नकार नोंदविला नसेल तर, यंत्राच्या पुढील शिक्षणासाठीही वापरला जाऊ शकतो. शिकताना वाचलेला मजकूर हे यंत्र विशिष्ट युक्तीने विचारले असता जसाच्या तसा बाहेर टाकते, हे संशोधकांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये दाखवूनही दिले.

धोक्याची पहिली मोठी जाणीव दक्षिण कोरियातून आली. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सच्या अर्धवाहक विभागाने मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांना हे यंत्र वापरण्याची मुभा दिली. तेथे प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार सुमारे वीस दिवसांत तीन प्रसंग घडले. एका कर्मचाऱ्याने बिघडलेली आज्ञावली दुरुस्तीसाठी यंत्रापुढे ठेवली. दुसऱ्याने सदोष यंत्रसामग्री ओळखण्याची आज्ञावली अधिक चांगली करून मागितली. तिसऱ्याने बैठकीच्या ध्वनिमुद्रणाचा मजकूर देऊन तिचे इतिवृत्त लिहून मागितले. या तिघांपैकी कोणी फितूर झाला नव्हता की कोणी कपाट फोडले नव्हते. काम लवकर उरकावे म्हणून त्यांनी हाताशी आलेले साधन वापरले, आणि कंपनीचे गुपित तिच्याच माणसांच्या हातून बाहेर गेले. कपाटाला कुलूप लावून चोराला अडविता येते. चावी बाळगणाऱ्या प्रामाणिक माणसाची घाई त्या कुलपाने अडत नाही.

त्याच मार्चच्या २० तारखेला चॅटजीपीटीच्या आज्ञावलीतील एका दोषामुळे काही लोकांना परक्यांच्या संभाषणांचे मथळे दिसले, आणि वर्गणीदारांपैकी काहींचा देयकांसंबंधीचा तपशीलही इतरांच्या दृष्टीस पडण्याचा संभव निर्माण झाला. महिनाअखेरीस इटलीच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने त्या सेवेवर तात्पुरती बंदी घातली. आवश्यक सुधारणा झाल्यावर २८ एप्रिल रोजी ती सेवा पुन्हा सुरू झाली.

संस्थांचा पहिला प्रतिसाद अर्थातच बंदीचा होता. जेपी मॉर्गन चेस या बँकेने फेब्रुवारी २०२३ मध्येच कर्मचाऱ्यांच्या वापरावर निर्बंध घातले; सॅमसंगने मे महिन्यात बंदीचा हुकूम काढला. भारताच्या अर्थ मंत्रालयाने २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात, सरकारी कागदपत्रांची गुप्तता धोक्यात येते म्हणून, कचेरीच्या संगणकांवर अशी साधने वापरू नयेत असे बजावले. तातडीचा उपाय म्हणून बंदी योग्यच होती. परंतु तिला एक मर्यादा आहे. कचेरीच्या संगणकावर दार बंद केले, तरी प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीवर ते उघडेच असते. काम तेवढेच, मुदत तीच, आणि सोपा मार्ग निषिद्ध, अशा स्थितीत वापर थांबत नाही. तो केवळ वरिष्ठांच्या नजरेआड जातो. ज्याची नोंद नाही त्याचे रक्षणही होत नाही.

म्हणून दुसरा टप्पा आला तो कराराचा. ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनएआयने संस्थांसाठी स्वतंत्र सेवा काढली आणि तीत येणारा मजकूर यंत्राच्या शिक्षणासाठी वापरणार नाही असे वचन दिले. इतर कंपन्यांनीही तशीच वचने दिली. तार कायद्याने वाहकावर घातलेले बंधन येथे कराराच्या रूपाने अवतरले, असे म्हणता येईल. मात्र करार कायद्याहून मोठा नसतो. न्यूयॉर्क टाइम्सच्या दाव्यात अमेरिकन न्यायालयाने मे २०२५ मध्ये ओपनएआयला, वापरणाऱ्यांनी पुसून टाकलेली संभाषणेसुद्धा जपून ठेवण्यास सांगितले. संस्थांसाठीची ती स्वतंत्र सेवा यातून वगळलेली होती आणि हे बंधन त्याच वर्षी सप्टेंबरात संपले. तथापि ‘पुसले’ याचा अर्थ नेहमीच ‘नाहीसे झाले’ असा नसतो, हा धडा त्यातून मिळाला.

तिसरा टप्पा स्वतःच्या देखरेखीखालील साधनाचा. सॅमसंगने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘गॉस’ हे स्वतःचे यंत्र पुढे आणले. जेपी मॉर्गनने २०२४ मध्ये बँकेच्या नियंत्रणाखालील सोय सुमारे ६०,००० कर्मचाऱ्यांना उपलब्ध करून दिली. ज्यांनी आधी दार लावले, त्यांनीच पुढे पहारा असलेला रस्ता बांधला.

पण घरातील यंत्रही घराइतकेच सुरक्षित असते. कचेरीतील असे यंत्र, विचारणाऱ्याला ज्या कागदांची परवानगी आहे, ते सर्व धुंडाळू शकते. वर्षानुवर्षे ज्या फायली निष्काळजीपणाने सर्वांना खुल्या राहिल्या आणि केवळ कोणी शोधल्या नाहीत म्हणून झाकलेल्या होत्या, त्या एका प्रश्नासरशी पुढे येतात. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘कोपायलट’मधील एक दोष उघडकीस आला. बाहेरून आलेल्या ई-पत्रात दडविलेली सूचना हे यंत्र आज्ञा समजून पाळू शकत होते, आणि कोणी काही न दाबताही आतील माहिती बाहेर जाण्याचा संभव होता. कंपनीने तो दोष दूर केला आणि कोणत्याही ग्राहकाला त्याची झळ पोहोचली नाही असे सांगितले. तरी यंत्राला दिलेला अधिकार हा माणसाला दिलेल्या अधिकाराइतकाच तोलून द्यावा लागतो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

भारतात २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला आहे. माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी अंमलात आणावयाचे ठरले. हा प्रश्न म्हणूनच सेऊल आणि न्यूयॉर्कपुरता नाही. इंदूर वा बेळगावची सहकारी पतपेढी, वडोदऱ्याचा दवाखाना, हैदराबादची शिक्षणसंस्था, या सर्वांच्या संगणकांत कोणाच्या कर्जाची, कोणाच्या आजाराची आणि कोणाच्या मुलाच्या गुणांची नोंद असते. त्यांना स्वतःचे यंत्र घडविणे परवडणार नाही. परंतु पुढील गोष्टींना फारसा खर्च नाही. कोणता कागद बाहेर जाऊ शकतो आणि कोणता मुळीच नाही, याची लेखी वर्गवारी करावी. नाव, खातेक्रमांक, पत्ता काढून टाकल्याशिवाय मजकूर यंत्रापुढे ठेवू नये. कोणते साधन वापरावयाचे ते संस्थेने ठरवावे, त्याचा करार वाचावा, आणि जुन्या फायलींवरील परवानग्या तपासाव्यात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चूक झाली असता लिपिकाला ती त्याच दिवशी निर्भयपणे सांगता आली पाहिजे. कारण लपविलेल्या चुकीवर इलाज चालत नाही.

तारेच्या काळी पाठविणारा निदान स्वतःचे गुपित स्वतः तारमास्तरच्या हाती देत होता. आज ज्याची माहिती यंत्रापुढे जाते, तो खातेदार किंवा रुग्ण बहुधा तेथे हजर नसतो, आणि त्याला कोणी विचारीतही नाही. त्याने आपला कागद संस्थेवर विश्वासून ठेवलेला असतो. यंत्र कितीही शहाणे झाले, तरी त्या विश्वासाला उत्तर देण्याचे दायित्व संस्थेचेच राहणार आहे.