प्रोसेसरची निवड : सर्व्हर की लॅपटॉप
सर्व्हरचा प्रोसेसर अनेकांची कामे अहोरात्र उरकण्यासाठी, तर लॅपटॉपचा बॅटरीवर एकट्याचे काम चटकन करण्यासाठी घडवलेला असतो. एएमडीच्या एपिक ९६५४ मध्ये (२०२२) ९६ कोअर असून त्याची ठरीव वीजमर्यादा ३६० वॅट आहे. लॅपटॉपचे प्रोसेसर बहुधा १५ ते ४५ वॅटांचे. सर्व्हरमध्ये मेमरीतली चूक आपोआप दुरुस्त करणारी ईसीसी रॅम वापरतात, हा त्याचा खरा मोठेपणा. एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात मात्र चांगला लॅपटॉप अनेकदा पुढे जातो.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे चढतो. अशा उकाड्यात तिथल्या मनीषनगरातल्या फ्लॅटमध्ये स्वस्तात मिळालेला जुना सर्व्हर ठेवला, तर त्याच्या पंख्यांची घरघर शेजारच्या खोलीतही ऐकू येते. कूलरची दमट हवाही त्याला मानवत नाही. टॅली, कोडिंग, अभ्यास यांसाठी घरी लॅपटॉपच घ्यावा. वीज गेली तरी काम अडत नाही.