दक्षिण कोरियातील अमेरिकन सैन्य

दक्षिण कोरियातील अमेरिकन सैन्य म्हणजे कोरियन युद्धाच्या शस्त्रसंधीनंतर (२७ जुलै १९५३) त्या देशात कायम राहिलेली अमेरिकेची सैन्यदले. युद्ध थांबले, परंतु शांतता करार झाला नाही. त्यामुळे ही तैनाती सात दशकांहून अधिक काळ टिकली असून सैनिकांची संख्या सुमारे २८,५०० आहे. युद्धोत्तर तैनातीचा दीर्घकालीन भार समजून घेण्यासाठी हे ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

१ ऑक्टोबर १९५३ रोजी उभय देशांत परस्पर संरक्षण करार झाला. युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांच्या नेतृत्वाखाली गेलेले भारतीय दल १९५४ मध्ये काम संपवून परतले. अमेरिकन सैन्य मात्र राहिले. १९७१ मध्ये सुमारे २०,००० सैनिक कमी करण्यात आले. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांची भूदल माघारीची योजना १९७९ मध्ये स्थगित झाली.

आर्थिक भार

सैनिकांचे वेतन अमेरिका देते. १९९१ पासून विशेष करारांनुसार स्थानिक कर्मचाऱ्यांचे वेतन, बांधकाम व पुरवठा यांच्या खर्चाचा वाटा दक्षिण कोरिया उचलतो. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानुसार, २०१६ ते २०१९ या काळात अमेरिकेने या तैनातीसाठी सुमारे १३.४ अब्ज डॉलरची तरतूद वापरली, तर दक्षिण कोरियाने ५.८ अब्ज डॉलरचे थेट साहाय्य दिले. २०२४ च्या करारानुसार २०२६ चा कोरियन वाटा सुमारे १.५२ लाख कोटी वॉन ठरला. प्योंगतेक येथील कॅम्प हम्फ्रीजच्या विस्तारास सुमारे १०.८ अब्ज डॉलर लागले. त्यातील बहुतांश रक्कम दक्षिण कोरियाने दिली. २०१८ मध्ये सैन्याचे मुख्यालय सोलहून तेथे हलले.

सामाजिक परिणाम

तळाच्या विस्तारासाठी देचुरी गावच्या शेतकऱ्यांना विरोध करूनही जमिनी सोडाव्या लागल्या. २००० मध्ये योंगसान तळावरून फॉर्माल्डिहाइड सांडपाण्यात सोडले गेल्याने जनक्षोभ उसळला. २००२ मध्ये लष्करी वाहनाखाली दोन शाळकरी मुली मृत्युमुखी पडल्या. संबंधित सैनिक अमेरिकन लष्करी न्यायालयात निर्दोष ठरल्यावर मेणबत्ती मोर्चे निघाले. तळांभोवतीच्या वस्त्यांतील वेश्याव्यवसायास उत्तेजन दिल्याबद्दल २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कोरियन शासनाला जबाबदार धरले.

मूल्यमापन

समर्थकांच्या मते हे सैन्य उत्तर कोरियाला धाक घालते आणि दुसऱ्या युद्धाची त्याहून मोठी किंमत टाळते. टीकाकारांच्या मते माघारीची अट निश्चित नसलेली तैनाती स्वतःच कायमस्वरूपी होते. टळलेल्या युद्धाची किंमत मोजता येत नसल्याने हा वाद केवळ हिशेबाने सुटत नाही.