बांधकामावर रोजच्या कामाचं नियोजन कोण करतं?

लोहा, कंधारसारख्या तालुक्याच्या गावात घर बांधताना इंजिनिअर नकाशा देतो, पण तो रोज साइटवर नसतो. आज कोणती भिंत घ्यायची, माल कुठं कालवायचा, परांची कधी हलवायची, हे मिस्त्री आणि बिगारी मिळून ठरवतात. हे नियोजन बहुतेक वेळा तोंडीच असतं, पण त्यामागे पक्का हिशेब असतो.

क्रम कसा ठरतो?

आधी आखणी. एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजायचे. तिरपं माप ५ फूट आलं की कोपरा काटकोनात. मग वीटकाम. ओल्या मसाल्यावर वजन पडू नये म्हणून एका दिवसात भिंत साधारण दीड मीटरपेक्षा जास्त उचलत नाहीत. त्यामुळे मिस्त्री एक भिंत तेवढी घेऊन दुसरीकडे वळतो. काम थांबत नाही आणि पहिल्या भिंतीला सुकायला वेळ मिळतो.

स्लॅबच्या दिवशी काय होतं?

त्या दिवशी सगळ्यात जास्त माणसं लागतात, कारण स्लॅब मध्येच सोडता येत नाही. आधीचं काँक्रीट घट्ट झाल्यावर नवीन टाकलं तर सांधा कच्चा राहतो आणि पुढे तिथून पाणी झिरपू शकतं. म्हणून मिक्सरवर कोण, घमेली कोण देणार, व्हायब्रेटर कोण धरणार, हे आदल्या दिवशीच ठरतं. विजेचे पाईपही आधीच टाकून घेतात. सुरुवात लांबच्या टोकाकडून होते, म्हणजे ओल्या काँक्रीटवर पाय पडत नाही. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा काम पहाटेच सुरू केलेलं बरं.

गुत्ता की हजेरी?

हजेरीवर मजूर असतील तर मजुरी दिवसाची, त्यामुळे रोजचं काम मालक किंवा ठेकेदार सांगतो. गुत्त्यावर दर चौरस फुटाचा असतो, त्यामुळे टोळी स्वतःच वेळ आखते. काम लवकर उरकलं तर फायदा टोळीचा, लांबलं तर तोटाही तिचाच.

घाई कुठे महागात पडते?

सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याच्या असतात आणि पुढचं घर वाट बघत असतं. त्यामुळे टेकू लवकर काढायचा मोह होतो. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटच्या स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला किमान १४ दिवस ठेवायचे असतात. राखमिश्रित सिमेंट असेल तर आणखी थांबावं लागू शकतं. घाई केली तर स्लॅब वाकू शकतो, कोसळूही शकतो. तेव्हा त्याखाली उभा असतो तो मजूरच. म्हणून 'अजून नाही' म्हणायचा मिस्त्रीचा अधिकार मालकाने मानायला हवा.

वही का ठेवावी?

१८ ते ६० वयाच्या बांधकाम कामगाराला कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. अट अशी की, मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असावं आणि त्याचं प्रमाणपत्र असावं. आज या साइटवर, उद्या त्या साइटवर जाणाऱ्याला हे दिवस मागाहून आठवत नाहीत. तारीख, जागा आणि काम देणाऱ्याचं नाव रोज एका ओळीत लिहून ठेवलं, तर प्रमाणपत्र मागताना तीच वही कामी येते.