‘मेटवान’: कोळसा कामगारांच्या संपावरच्या सिनेमात खरं किती?
जॉन सेल्स यांचा ‘मेटवान’ (1987) हा सिनेमा अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातील कोळसा कामगारांच्या संपावर बेतला आहे.

खरं काय? 19 मे 1920 चा मेटवानमधला गोळीबार. युनियनच्या कामगारांना कंपनीच्या घरांतून बाहेर काढायला आलेले बाल्डविन-फेल्ट्स एजन्सीचे 7 जण, महापौर टेस्टरमन आणि 2 स्थानिक, असे 10 जण त्यात मारले गेले. कामगारांची बाजू घेणारे पोलिसप्रमुख सिड हॅटफिल्डही खरे.

काल्पनिक काय? सिनेमाचा नायक, अहिंसेचा आग्रह धरणारा युनियनचा संघटक जो केनेहन. प्रत्यक्षातला लढा मात्र सशस्त्र झाला. ऑगस्ट 1921 मध्ये हॅटफिल्ड यांची कोर्टाच्या पायऱ्यांवर हत्या झाली आणि हजारो कामगार बंदुका घेऊन ब्लेअर माउंटनकडे निघाले. थोडक्यात, सिनेमातला गोळीबार इतिहासातला आहे, अहिंसेचा आग्रह मात्र दिग्दर्शकाचा.