किकचं कूळ

खानदेशातल्या यावल-रावेरकडे लग्नसराईत डीजे ठरवताना विचारलं जातं, ‘बेस किती, टॉप किती?’ अहिराणी गाण्याचं रिमिक्स सुरू झालं की बेसच्या त्या मोठ्या स्पीकरमधून निघून थेट छातीत बसणारा जो ‘धम्’ असतो, तो म्हणजे किक. गाणं खानदेशी असलं, तरी या धम्‌चं कूळ बऱ्याच गावचं पाणी प्यायलेलं आहे.

किक हे नाव पायावरून पडलं. शिकागोच्या लुडविग बंधूंनी 1909 मध्ये मोठा ढोल पायानं वाजवायचं चपळ पेडल काढलं. पायानं चालणारी पेडलं त्याआधीही होती, पण या पेडलमुळे एकटा वादक बसल्या जागी सगळे ढोल सांभाळू लागला.

मात्र या आवाजाचा स्वभाव पेडलहून पुष्कळ जुना आहे. कातड्यावर जोरात टिपरू पडलं की ते क्षणभर जास्त ताणलं जातं आणि सूर चढतो. कंप ओसरला की सूरही खाली उतरतो. यावलच्या उत्तरेला सातपुड्यातल्या पावरा पाड्यांवर होळीच्या दिवसांत मोठे ढोल घुमतात, त्यांत ही उतरंड ऐकू येते. डग्ग्यावर तबलजी मनगटाच्या दाबानं मींड काढतो, तेव्हा तो कातड्याचा ताण मुद्दाम बदलत असतो.

कातड्याचं हे काम पुढे विजेकडे आलं. 1980 मध्ये इकुतारो काकेहाशींच्या रोलँड या जपानी कंपनीनं टीआर-808 हे तालयंत्र बाजारात आणलं. खऱ्या ढोलाचं ध्वनिमुद्रण साठवायचं, तर तेव्हा मेमरी फार महाग होती. म्हणून विजेचा एक ठोका मिळाला की टोला पडलेल्या घंटेसारखं थोडा वेळ घुमत राहील, असं सर्किट बसवलं. त्याची घुमी साधारण 50 हर्ट्झची. ‘हा ढोल वाटतच नाही’ म्हणून नाकं मुरडली गेली आणि सुमारे बारा हजार यंत्रं काढून 1983 मध्ये उत्पादन थांबलं. पण तोवर न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्यांना ती घुमी भावली होती. मुंबईत चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्येच याच यंत्राच्या ठेक्यावर दहा राग बांधून एक तबकडी काढली होती. तेव्हा तिची दखल फारशी कोणी घेतली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर गाजली.

रोलँडच्याच 1983 च्या टीआर-909 मध्ये सुराची उतरंड आणि सुरुवातीची टिचकी दोन्ही ठसठशीत झाली. पुढे 1997 च्या सुमारास बेल्जियममध्ये फ्रूटीलूप्स, म्हणजे आजचं एफएल स्टुडिओ, हे सॉफ्टवेअर आलं आणि ही सगळी करामत संगणकात शिरली.

आता सॉफ्टवेअर सिंथमध्ये किक घडवायची, तर आधी साधी साइन लहर घ्यायची. तिचा सूर 200 हर्ट्झच्या आसपास सुरू करून पन्नासेक मिलिसेकंदांत 50 वर आणायचा. उतरण लांबली की ‘ड्यूंव’ होतं, फार आखडली की नुसता ‘टक्’ उरतो. मग आवाज किती वेळात विरेल ते ठरवायचं. ठेका जलद असेल तर शेपूट आखूड हवं, नाहीतर एक ठोका पुढच्यावर चढतो आणि सगळा चिखल होतो. ठोक्याच्या सुरुवातीला काही मिलिसेकंदांची टिचकी जोडायची. तिथे ढोलाच्या थापेचा तुकडा लावला, तर किकला देशी चव येते. शेवटी शेपटाचा सूर गाण्याच्या पट्टीशी जुळवायचा.

एवढं करूनही एक अडचण उरते. मिरवणुकीतला बेस 50 हर्ट्झ सहज पेलतो, पण मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला ते झेपत नाही. म्हणून लहर मुद्दाम थोडी फाडतात. त्यातून 50 हर्ट्झच्या पटीतले बरेच वरचे स्वर निपजतात आणि त्यांच्यावरून कान खालचा गायब सूर स्वतःच भरून काढतो. कधीकाळी या आवाजाला घडवणारं कातडं होतं, आज ते काम बरंचसं खिशातला फोन करतो. म्हणूनच किक बनवणारा जाणता गडी मोठ्या बेसवर खूश होऊन थांबत नाही. तीच फाइल मोबाइलवर वाजवून बघतो आणि मगच गाणं बाहेर सोडतो.